काळ्या निशाणांचा सेनापती : अबू मुस्लिम खुरासानी

वाचकहो, मुलांना इस्लामचा इतिहास सांगायला बसलो की आपण बहुधा खुलफा-ए-राशिदीनपाशी थांबतो आणि तेथून एकदम बगदादच्या वैभवावर, नाहीतर सुलतान सलाहुद्दीन अय्यूबींवर उडी घेतो. मधल्या शंभर-सव्वाशे वर्षांतून जाताना आपली जीभ अडखळते, कारण तेथे मुसलमानाची तलवार मुसलमानावर उगारलेली दिसते. उमय्या घराण्याचे राज्य गेले आणि अब्बासी घराण्याचे आले, एवढे एक वाक्य आपण पाठ केलेले असते. ते राज्य कोणी आणले आणि आणणाऱ्याचे पुढे काय झाले, असे घरातल्या एखाद्या चौकस मुलाने विचारले तर आपल्यापाशी उत्तर नसते. म्हणून आज त्या माणसाची हकीगत आपणापुढे ठेवीत आहे. तिच्यात त्याच्याइतकेच महत्त्व आणखी एका माणसाला आहे. तो मर्व शहरातला एक सोनार होता.

अबू मुस्लिमचा जन्म नेमका कोठे आणि कोणत्या कुळात झाला, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. कोणी त्याला इस्फहानकडचा म्हणतात, कोणी मर्वचा. तो गुलाम होता किंवा एखाद्या अरब कबिल्याच्या आश्रयाने राहणारा मवाली होता. मवाली म्हणजे अरब नसलेला, इस्लाम स्वीकारून एखाद्या कबिल्याशी जोडला गेलेला मनुष्य. हिजरी सनाचे पहिले शतक संपत असताना तो जन्मला असावा. तरुणपणी तो कूफा शहरात इज्ल कबिल्याच्या लोकांकडे घोड्यांची खोगिरे शिवण्याचे काम करी. त्याच कूफ्यात त्या काळी नुअमान बिन साबित नावाचे एक व्यापारी रेशमी कापडाचे दुकान चालवीत होते. ज्यांच्या फिक्हनुसार आपल्यातील अनेक घरांत नमाज अदा होते, तेच हे इमाम अबू हनीफा (रह.). या दोघांची कधी भेट झाली की नाही ते इतिहासाने नोंदलेले नाही. मात्र एका तिसऱ्या माणसामुळे त्यांची नावे पुढे एकत्र यायची होती.

त्या काळची परिस्थिती समजून घेतल्याशिवाय हे बंड समजणार नाही. इस्लामने अरब आणि अरबेतर हा भेद मिटविला होता, पण उमय्या राजवटीतील अंमलदारांनी तो कराच्या वहीत पुन्हा जिवंत केला. खुरासान प्रांतात इस्लाम स्वीकारलेल्या स्थानिक लोकांकडूनही जिझिया वसूल होई. ह. उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांनी आपल्या अडीच वर्षांच्या खिलाफतीत हा अन्याय बंद केला, परंतु त्यांच्यानंतर जुनी रीत परत आली. हिजरी १२१ च्या सुमारास खुरासानचा सुभेदार नस्र बिन सय्यार याने चौकशी केली तेव्हा सुमारे ३०,००० मुसलमान जिझिया भरत आहेत आणि ८०,००० गैरमुस्लिमांना तो माफ आहे, असे त्याला आढळले. नस्रने ही घडी सुधारली. तो अनुभवी आणि कर्तबगार वृद्ध होता, हे त्याच्या शत्रूंच्या बाजूने लिहिणाऱ्यांनाही नाकारता आलेले नाही. पण दुखणे जुने होते आणि औषध उशिरा आले.

दुसरे दुखणे याहूनही खोल होते. करबलाची जखम भरली नव्हती. हिजरी १२२ मध्ये ह. हुसैन (रजि.) यांचे नातू जैद बिन अली कूफ्यात मारले गेले. त्यांचे तरुण पुत्र यहया खुरासानात आश्रयाला आले, तर हिजरी १२५ मध्ये जूजजान येथे त्यांनाही ठार करून त्यांचे शव सुळावर टांगण्यात आले. ते तेथे वर्षानुवर्षे लटकत होते. येणारे-जाणारे ते पाहत आणि खाली मान घालून पुढे जात.

अशा भूमीत अब्बासी घराण्याचे प्रचारक गुप्तपणे फिरत होते. हे घराणे प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांचे काका ह. अब्बास (रजि.) यांच्या वंशातले. आजच्या जॉर्डनमधील हुमैमा या लहानशा गावात ते राहत असे आणि तेथूनच सारी सूत्रे हलवी. प्रचारकांनी मोठी चतुराई केली होती. ते आपल्या इमामाचे नाव सांगतच नसत. प्रेषितांच्या घराण्यातील सर्वांना मान्य होईल अशा व्यक्तीसाठी बैअत घेत. ऐकणारा समजे की ह. अली (रजि.) यांच्या वंशजासाठीच हे चालले आहे. वाचकहो, या मोघमपणाकडे लक्ष असू द्या. पुढे ज्या अनेकांचे प्राण गेले, त्यांतल्या कित्येकांच्या मृत्यूचे मूळ येथे आहे.

या खोगीरवाल्या तरुणाला प्रचारकांनी हेरले आणि इब्राहीम इमामांच्या स्वाधीन केले. इमामांनी त्याला अब्दुर्रहमान बिन मुस्लिम हे नाव दिले आणि हिजरी १२८ मध्ये आपला प्रतिनिधी म्हणून खुरासानला पाठविले. तेथील संघटनेचा म्होरक्या सुलैमान बिन कसीर याने आयुष्य या कामात घालविले होते. कालच्या पोराच्या हाताखाली काम करायला त्याने साफ नकार दिला. तेव्हा अबू दाऊद खालिद बिन इब्राहीम नावाच्या एका पुढाऱ्याने जमलेल्या मंडळींची समजूत घातली आणि तरुणाला परत बोलावून घेतले. हे नावही लक्षात ठेवावे.

हिजरी १२९ च्या रमजानची २५ तारीख, म्हणजे इ.स. ७४७ चा जून महिना. मर्वजवळच्या सफीजंज गावात त्या रात्री मोठमोठे जाळ पेटविण्यात आले. ती खूण होती. इमामांनी पाठविलेली दोन काळी निशाणे लांब भाल्यांवर उभारण्यात आली. त्यांना नावेही होती, एक छाया आणि दुसरे ढग. एका दिवसात साठ गावांतून लोक येऊन मिळाले, असे इतिहासकार तबरी लिहितात. पाच दिवसांनी ईद आली. अबू मुस्लिमने सुलैमानला इमामत करायला सांगितली, आणि आधी नमाज व नंतर खुतबा असा क्रम ठेवायला लावले. उमय्या अंमलदार लोक उठून जाऊ नयेत म्हणून ईदचा खुतबा आधी देत, ही गोष्ट लोकांना फार दिवस सलत होती. त्या सकाळी सफीजंजच्या मैदानात उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला वाटले असेल की सुन्नत परत आली. हा क्षण खोटा होता असे मी म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट त्याने केली, जी मला त्याच्या साऱ्या विजयांपेक्षा मोठी वाटते. छावणीत जमलेल्या सुमारे सात हजार लोकांची नोंदवही करविताना त्याने प्रत्येकाचे नाव, त्याच्या पित्याचे नाव आणि गाव एवढेच लिहायला सांगितले. अरबांच्या सैनिकी वह्या कबिल्यानुसार असत. तेथे मवाली शेवटी, कोणाच्या तरी शेपटाला लावलेला. या वहीत तमीम कबिल्याचा अरब आणि मर्वचा विणकर एकाच रांगेत आले. ह्या बंडाची खरी ताकद त्या वहीत होती.

विरोधी बाजूला मात्र फूट होती. नस्र बिन सय्यार मुदर गटाचा, तर यमनी अरबांचा पुढारी जुदैअ अल-किरमानी त्याच्याशी लढत होता. राखेखाली धुमसणाऱ्या निखाऱ्यांची उपमा देऊन नस्रने खलीफा मरवान दुसरे यांना काव्यातून इशारा पाठविला, पण मरवान स्वतःच शाम आणि इराकमधील बंडांत गुंतले होते. मदत आली नाही. किरमानी मारला गेला तेव्हा अबू मुस्लिमने त्याचा मुलगा अली याला हाताशी धरले, दोन्ही गटांना झुंजविले आणि हिजरी १३० मध्ये मर्व शहरात प्रवेश केला. जूजजान हाती आल्यावर त्याने यहया बिन जैद यांचे शव सुळावरून उतरविले आणि जनाजाची नमाज अदा करून ते दफन केले. त्या वर्षी खुरासानात जन्मलेल्या कित्येक मुलांची नावे यहया किंवा जैद ठेवली गेली, अशी नोंद आहे.

येथपर्यंत वाचताना आपले मन त्याच्या बाजूने झुकले असेल. लिहितानाही तसेच झाले. आता पुढचे वाचावे.

मर्व घेतल्यावर त्याने नस्रकडे एक शिष्टमंडळ पाठविले. त्यात लाहिज बिन कुरैज हा चळवळीच्या बारा नकीबांपैकी एक होता. बोलता बोलता त्याने कुरआनातील अशी एक आयत पढली की जिच्यातून आपल्याला मारण्याचा बेत शिजत आहे हे नस्रने ओळखावे. नस्र वुजूच्या निमित्ताने उठला आणि रात्रीच्या अंधारात निसटला. पुढे पळता पळताच सावा येथे त्याचा अंत झाला. लाहिजचे डोके मात्र मर्वमध्येच उडविण्यात आले. ज्याच्या जोरावर मर्व मिळाले त्या अली किरमानीला अबू मुस्लिमने पदे आणि पोशाख देण्यासाठी त्याच्या खास माणसांची यादी मागितली. यादी मिळाली आणि त्याच यादीप्रमाणे अली व त्याची माणसे मारली गेली. त्याचा भाऊ उस्मान दुसरीकडे अबू दाऊदच्या हातून ठार झाला.

आणि आता तो सोनार. इब्राहीम बिन मैमून हे त्यांचे नाव. धंद्यावरून लोक त्यांना अस्साइग, म्हणजे सोनार म्हणत. हातोडी उगारलेली असताना अजान कानी पडली तर ते तो घाव घालीत नसत, हातोडी मागेच टाकून उठत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. अता बिन अबी रबाह आणि नाफिअ यांच्यासारख्या थोर ताबिईंकडून त्यांनी हदीस ऐकली होती. चरित्रग्रंथ सांगतात की बंडापूर्वीच्या दिवसांत त्यांची अबू मुस्लिमशी ऊठबस होती. तो न्याय स्थापण्याच्या गोष्टी करी आणि ते ऐकत.

इमाम अबू हनीफांशीही त्यांचा निकटचा संबंध होता. चांगल्याचा आदेश देणे आणि वाइटापासून रोखणे हे फर्ज आहे, यावर दोघांची चर्चा झाली आणि दोघांचे एकमत झाले. तेव्हा इब्राहीम यांनी लगेच इमामांना हात पुढे करायला सांगितले, त्यांना बैअत करायची होती. इमामांच्या डोळ्यांपुढे अंधार पसरला. त्यांनी नकार दिला. एकटा मनुष्य उभा राहिला तर मारला जाईल आणि लोकांचे काहीही सुधारणार नाही. नेक साथीदार हवेत आणि ज्याच्या दीनवर विश्वास ठेवता येईल असा नेता हवा, असे त्यांचे म्हणणे होते. इब्राहीम मात्र जेव्हा भेटत तेव्हा सावकाराने तगादा लावावा तसा हा विषय काढीत. हा वृत्तान्त हनफी विद्वान अबू बक्र जस्सास यांनी दिला आहे. जुलमी सत्ताधीशासमोर उभे राहून त्याला सुनावणारा आणि त्यापायी मारला जाणारा मनुष्य शहिदांत श्रेष्ठ, या अर्थाची हदीस इब्राहीम यांना इमामांकडूनच मिळाली होती, असेही ते नमूद करतात.

इब्राहीम मर्वला परतले, अबू मुस्लिमसमोर गेले आणि त्याच्या रक्तपाताबद्दल त्याला कठोर शब्दांत बोलले. त्यांना कैद झाली. खुरासानचे फकीह आणि नेक लोक मध्ये पडले, सुटका झाली. ते पुन्हा गेले. पुन्हा बोलले. शेवटच्या वेळी त्यांनी सांगितले की तुझ्याविरुद्ध लढण्याइतके पुण्याचे काम मला दुसरे दिसत नाही, माझ्या हातांत बळ नाही म्हणून मी जिभेने लढतो. हिजरी १३१ मध्ये त्यांना ठार करण्यात आले आणि त्यांचे शरीर एका विहिरीत टाकण्यात आले. ही बातमी कळली तेव्हा इमाम अबू हनीफा इतके रडले की जवळच्या लोकांना त्यांच्या जिवाची भीती वाटली.

येथे आपल्यापैकी कोणी विचारील की दोघांत बरोबर कोण होते, थांबा म्हणणारे इमाम की न थांबणारा सोनार? विद्वानांनी यावर पुष्कळ लिहिले आहे. मला एवढेच दिसते की इमामांनी नेत्याच्या दीनवर विश्वास ठेवता यावा ही अट घातली, ती त्या काळच्या खुरासानात सर्वांत आधी विसरली गेलेली अट होती.

पुढचा लष्करी वृत्तान्त थोडक्यात सांगतो, कारण तो अबू मुस्लिमने मर्वमध्ये बसून घडविला. त्याचा सरदार कहतबा बिन शबीब गुरगान, इस्फहान आणि निहावंद जिंकीत इराकपर्यंत पोचला आणि फुरात नदीपाशी मरण पावला. इब्राहीम इमाम हर्रानच्या कैदेत वारले. त्यांचे भाऊ अबुल अब्बास अस्सफ्फाह यांच्या हाती हिजरी १३२ मध्ये कूफ्यात बैअत झाली. तेव्हा कुठे लोकांना उलगडले की प्रेषितांचे घराणे म्हणजे कोण ते. त्याच वर्षी जाब नदीवर मरवान यांचा पराभव झाला आणि पुढे मिसरमध्ये ते मारले गेले. उमय्या घराण्यातील लोकांना शोधून शोधून ठार करण्यात आले.

बुखारात शरीक बिन शैख याने आवाज उठविला की आम्ही प्रेषितांच्या घराण्याला साथ दिली ती नाहक रक्त सांडण्यासाठी नव्हे. हजारो लोक त्याच्यामागे गेले. अबू मुस्लिमने जियाद बिन सालिह याला पाठवून ते बंड चिरडले. याच जियादने इ.स. ७५१ मध्ये तलास नदीवर चीनच्या सैन्याचा पराभव केला आणि काही वर्षांनी तोही अबू मुस्लिमविरुद्ध उठून मारला गेला. चळवळीचा कूफ्यातील प्रमुख अबू सलमा याचा खलीफांच्या इच्छेने अबू मुस्लिमने पाठविलेल्या मारेकऱ्याने बळी घेतला. खून खारिजींच्या नावावर लोटला गेला. वृद्ध सुलैमान बिन कसीर याचीही गर्दन मारली गेली, आणि ती खलीफांचे भाऊ अबू जाफर खुरासानच्या भेटीवर आलेले असताना. अबू जाफर परतले ते एक गोष्ट मनात पक्की करून: हा मनुष्य जिवंत आहे तोवर खिलाफत आपली नाही.

इतिहासकार अबू मुस्लिमच्या हुकमाने मारल्या गेलेल्यांचा आकडा सहा लाख देतात. हा आकडा मला पटत नाही. त्या काळच्या लेखणीला मोठ्या संख्येचा मोह होता. पण ज्यांची नावे माहीत आहेत तेवढ्यांचीच यादी पाहिली, तर तिच्यात शत्रूंपेक्षा सोबती अधिक भरतात. त्याच्या स्वभावाचे जे वर्णन आहे ते याला जुळते. ठेंगणा, सावळा, अरबी आणि फारसी दोन्हींत गोड बोलणारा, विजयाच्या वार्तेने चेहरा न खुलणारा आणि संकटाने न झाकोळणारा. त्याने मर्वमध्ये मशीद आणि घुमटाचा राजवाडा बांधला. हिजरी १३६ मध्ये हजला जाताना वाटेत विहिरी खोदविल्या, रस्ते नीट केले, लोकांना जेवू घातले. परंतु हजचे अमीरपद मात्र अबू जाफर यांना मिळाले आणि हे त्याला झोंबले.

त्या हजहून परतत असतानाच सफ्फाह यांच्या मृत्यूची बातमी आली. अबू जाफर मन्सूर खलीफा झाले. त्यांचे काका अब्दुल्लाह बिन अली, म्हणजे जाबचे विजेते, शाममधून खिलाफतीवर हक्क सांगून उठले. मन्सूर यांनी त्यांच्यावर अबू मुस्लिमला पाठविले. नसीबीनजवळ काही महिने झुंज चालली आणि अबू मुस्लिम जिंकला. लुटीची मोजदाद करायला खलीफांचा माणूस छावणीत आला तेव्हा तो भडकला. रक्ताच्या बाबतीत आपल्यावर विश्वास आणि मालाच्या बाबतीत नाही, असे त्याला वाटले. मन्सूर यांनी त्याला शाम आणि मिसरची सुभेदारी देऊ केली. ती नाकारून तो खुरासानच्या वाटेला लागला. तेथे पोचला असता तर त्याला हात लावणे कोणालाही शक्य नव्हते.

तेव्हा मन्सूर यांनी खुरासानात त्याच्या जागी कारभार पाहणाऱ्या माणसाला पत्र लिहिले आणि त्याला आजन्म सुभेदारी कबूल केली. हा माणूस म्हणजे अबू दाऊद. ज्याने सतरा-अठरा वर्षांपूर्वी नव्हे, अवघ्या नऊ वर्षांपूर्वी त्या अनोळखी तरुणासाठी सुलैमानशी वाद घातला होता, तोच. त्याने अबू मुस्लिमला कळविले की खलीफांच्या परवानगीशिवाय परत येऊ नये. पाठीमागची भिंत गेली. एका विश्वासू साथीदाराने परोपरीने अडविले, तरी तो मदाइनजवळच्या रूमिया येथे खलीफांच्या भेटीला गेला.

पहिल्या दिवशी त्याचे आदरातिथ्य झाले. दुसऱ्या दिवशी मन्सूर यांनी अब्दुल्लाहच्या सामानातून मिळालेल्या तलवारीची चौकशी केली, ती पाहायला मागितली आणि आपल्या बैठकीखाली सरकविली. मग एकेक आरोप सुरू झाला. पत्रांत आपले नाव खलीफांच्या आधी लिहिले. त्यांच्या आत्याला मागणी घातली. हजच्या वाटेवर पुढे निघून गेला. आणि सुलैमान बिन कसीरला का मारले? चळवळीच्या त्या जुन्या सेवकाचे रक्त आता त्याच्याकडून मागितले जात होते. त्याने आपल्या कामगिरीची आठवण दिली. मन्सूर यांनी टाळी वाजविली. पडद्यामागून पहारेकऱ्यांचा प्रमुख उस्मान बिन नहीक आणि त्याचे साथीदार बाहेर आले. हिजरी १३७ चा शाबान महिना होता, इ.स. ७५५ चा फेब्रुवारी. अबू मुस्लिमचे वय तेव्हा पस्तीस-छत्तीसच्या घरात असावे. त्याचे शव गालिच्यात गुंडाळले गेले आणि मग दजला नदीत टाकले गेले. बाहेर थांबलेल्या त्याच्या सैनिकांत पैसे वाटण्यात आले आणि ते पांगले.

त्याच वर्षी निशापूरकडे सुन्बाज नावाचा एक जरदुश्ती त्याच्या सुडासाठी उठला आणि मारला गेला. अबू मुस्लिम मेलाच नाही, तो परत येईल, असे मानणारे पंथ खुरासानात निघाले. मन्सूर यांनी हिजरी १४५ मध्ये बगदाद वसविले. त्यांच्याच राजवटीत काजीपद नाकारणारे इमाम अबू हनीफा कैदेत पडले आणि हिजरी १५० मध्ये तेथेच वारले.

इराण आणि तुर्कस्तानच्या बाजारांत कथेकरी पुढे कित्येक शतके अबू मुस्लिमनाम्याचे प्रयोग करीत राहिले. त्यात त्याच्या हाती एक मोठी कुऱ्हाड असे आणि लोक रात्र रात्र ऐकत. मर्वच्या सोनाराची कथा कोणी रचली नाही. त्यांचे नाव सुनन अबू दाऊद आणि सुनन नसाईच्या सनदींत येते. मदरशात हदीस शिकणारी मुले ते वाचतात आणि पुढच्या नावाकडे जातात.